डाव्या हाताला पलंग

सोमवारी किल्ल्याला सुट्टी असते, आणि सुट्टीच्या दिवशीच किल्ल्यात खरी माणसं दिसतात, असं मेणबाई म्हणायची. बाकीचे सहा दिवस लोक राजा-राणी बघायला येतात. राजा-राणी तर कधीचे गेले. सोमवारी मात्र शिड्या, बादल्या, फडकी आणि ती हातात धरणारी माणसं बाहेर येतात, आणि एकेका महालाचं तोंड धुऊन निघतं.

त्या सोमवारी बादल्यांच्या आधी भांडण बाहेर आलं. तेही सकाळी सातला, जिन्याखालच्या मेणाच्या खोलीत.

मेणबाईने पातेल्यात पाणी, पाण्यात मेणाचा डबा ठेवला होता आणि लाकडी पळीने ती हळूहळू ढवळत होती. मेण थेट आचेवर ठेवायचं नसतं. जळतं, आणि जळक्या मेणाचा डाग लाकडी जमिनीवरून जन्मात निघत नाही. हे तिला आईने शिकवलं, तेव्हा ती वीस वर्षांची होती. आता तिची साठी उलटली होती. चाळीस वर्षं किल्ल्याच्या अकरा खोल्यांच्या जमिनी तिच्या गुडघ्यांखालून गेल्या होत्या. तिचं पाळण्यातलं नाव आता पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

"वाच," तिचा भाऊ अण्णा म्हणाला. त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून मुलीपुढे धरला. "तूच लिहिलंयस ना? तूच वाच. तुझ्या आत्याला ऐकू दे."

छोटी एकतीस वर्षांची होती आणि किल्ल्याच्या कार्यालयात कामाला होती, पण घरात ती छोटीच. तिने कागद घेतला नाही. "मी फक्त टाईप केलंय, बाबा. वाक्य संचालकबाईंचं आहे."

"मग मी वाचतो." अण्णाने चष्मा चढवला. तीस वर्षं किल्ल्याच्या मोठ्या दारावर पहारा केलेला माणूस. अजूनही काही वाचायचं म्हटलं की आधी छाती पुढे काढायचा. "'ही शयनखोली एका अशिक्षित नोकराच्या चुकीमुळे पंचाहत्तर वर्षे उलट मांडली गेली होती. आता ती मूळ स्वरूपात आणली आहे.' उद्या ही पाटी लागणार. पितळेची. अशिक्षित नोकर म्हणजे कोण, कळलं ना? आपले झाडूआजोबा."

पळी थांबली, मग पुन्हा फिरू लागली.

झाडूआजोबा म्हणजे आईचे वडील. लढाईची वर्षं सुरू झाली तेव्हा किल्ल्यातलं सगळं सामान गाड्यांत भरून लांबच्या एका मिठाच्या कोठारात लपवलं होतं. सामानाच्या याद्या शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून तेव्हाच्या साहेबाने त्या जाळून टाकल्या. मग कुठली वस्तू कुठल्या खोलीत, कुठल्या कोपऱ्यात, हे उरलं एका माणसाच्या डोक्यात. तो किल्ल्यात झाडू मारायचा. लिहिता येत नव्हतं म्हणून त्याने अकरा खोल्यांची अकरा गाणी बांधली आणि आपल्या मुलीकडून घोटून घेतली. या घरात जन्मलेलं प्रत्येक पोर बोलायला लागलं की आधी ती गाणी म्हणतं. शयनखोलीचं तर झोपेतही येतं:

डाव्या हाताला पलंग, त्याला चार सिंह पायी,
उजव्या हाताला आरसा, त्याची काच हलत नाही,
खिडकीपाशी मेज, त्याला कप्पे आहेत सात,
सातव्यात काही नाही, घालू नको हात.

"चारशे बारा वस्तू गेल्या," अण्णा म्हणाला, "आणि चारशे बारा परत आल्या. एक चमचा हरवला नाही. त्या माणसाला हे चूक म्हणतात. अरे, मी तीस वर्षं मोठ्या दारातून बघतोय. पलंग डाव्या हाताला आहे. गाण्यात पण डाव्या हाताला आहे. चूक कुठे आहे?"

"पण ते चित्र आलंय ना, बाबा," छोटी म्हणाली. "राणीच्या भाचीने काढलेलं. लढाईच्या आधीचं. त्यात पलंग उजवीकडे आहे."

"भाची किती वर्षांची होती तेव्हा?"

"बारा."

"बारा वर्षांच्या पोरीने डावं-उजवं चुकवलं असेल. पोरींचं काय."

मेणबाईच्या हातावर गरम मेणाचा थेंब उडाला. तिने तो पुसला नाही.

वहिनी, म्हणजे अण्णाची बायको, दारातच उभी होती. ती तिकीटखिडकीवर बसायची, त्यामुळे कुठेही गेली तरी चौकटीत उभी राहून बोलायची तिला सवय. "मी म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची. पाटी लागायची ती लागू दे. आपली पोरगी तिथे नोकरीला आहे. लोक पाट्या वाचतात कुठे? मला विचारा. खिडकीवर हातभर पाटी आहे 'सुट्टे पैसे द्या', आणि सगळे मोठी नोट पुढे करून विचारतात, सुट्टे हवेत का."

"आई वाचेल," मेणबाई म्हणाली.

आई शहाऐंशी वर्षांची होती. मागच्या अंगणापलीकडच्या घरात अण्णा-वहिनीपाशी राहायची, आणि अजूनही दर बुधवारी काठी टेकत किल्ल्यात येऊन आपली मुलगी जमीन नीट पुसते की नाही हे बघून जायची.

"आईला यातलं काही कळता कामा नये," अण्णा म्हणाला. "तिच्या बापाला असं म्हटलेलं ती सहन करणार नाही. वहिनीसाहेब, तुम्ही तिला काही बोलला नाहीत ना?" बायकोवर चिडला की तो तिला अहो-जाहो करायचा.

"मी कशाला बोलेन? सासूबाईंना काहीही माहीत नाही," वहिनी म्हणाली, आणि तिला उचकी लागली. "टर्पेंटाइनचा वास घशात गेला. वन्सं, जरा खिडकी उघडा बाई."

मेणबाईने खिडकी उघडली. डबा पाण्यातून काढून फडक्यात धरला. आपल्या मनातलं तिने कुणाला सांगितलं नाही, आणि सांगण्यासारखंही नव्हतं.

चित्र खरं होतं. ते तिला चाळीस वर्षांपासून माहीत होतं.

कामाच्या पहिल्याच वर्षी, शयनखोलीत आरशापुढचा गालिचा उचलल्यावर जमिनीत तिला चार खड्डे दिसले होते. बोटभर खोल, पंजाच्या आकाराचे. इतके खोल खड्डे एका दिवसात पडत नाहीत. शंभर वर्षं सिंहाच्या पायांचा पलंग एका जागी उभा राहिला तर पडतात. तिने मान वर करून आईकडे बघितलं. आईने तिच्या हातात मेणाचा डबा दिला. "यांत मेण भर. दर वर्षी भर. आणि विचारू नको."

तिने विचारलं नाही. पण हिशेब काय, पोरालाही करता येईल असा होता. झाडूआजोबा लढाईच्या शेवटच्या थंडीत वारले. सामान परत आलं तेव्हा मोठ्या दारात उभं राहून हमालांना गाणी म्हणून दाखवली ती त्यांच्या अकरा वर्षांच्या मुलीने. म्हणजे आईने. पलंग चुकीच्या बाजूला गेला तो आईच्या तोंडून. आईला ते कळलं असणार, आणि आयुष्यभर ती ते मेणाने झाकत आली असणार. आधी स्वतःच्या हाताने, मग मुलीच्या.

आता पाटी आजोबांच्या माथी चूक मारत होती. आजोबांना सोडवायचं तर आई उघडी पडत होती. आणि आईला झाकायचं तर अकरा खोल्या डोक्यात वागवून मेलेला माणूस कायमचा पितळेत अशिक्षित होऊन बसत होता. चाळीस वर्षं हात दगडाखाली होता, आज कुणी तरी त्या दगडावर येऊन बसलं होतं.

"चल," ती छोटीला म्हणाली. "हमाल आले असतील."

*

शयनखोलीत खिडक्यांची दारं अर्धीच उघडली होती. भिंतींचं निळं रेशीम ऊन लागलं की विटतं, म्हणून इथे सकाळही बेताने आत यायची. संचालकबाई मोठ्या दारात उभ्या होत्या. चष्मा दोरीने गळ्यात, पायात आवाज न करणारे बूट, हातात काचेत जडवलेलं ते छोटंसं चित्र. वाईट बाई नव्हती. गेल्या पावसाळ्यात छत गळलं तेव्हा रात्रभर स्वतः बादल्या बदलत उभी राहिली होती. पण नवीन होती, आणि तिला सगळं कागदावर लागायचं.

"या, मेणबाई. आधी आरशापुढचा गालिचा उचलायचा आहे. तो तुम्हीच उचलावा. कडा फार जीर्ण झाल्यात."

मेणबाई खोलीत गेली, गालिच्याच्या मधोमध गुडघे टेकून बसली, आणि मेणाचा डबा तिने समोर ठेवला.

"उचला ना," संचालकबाई म्हणाल्या.

"पाटीवरचं वाक्य बदलल्याशिवाय नाही."

चौघे हमाल एकमेकांकडे बघू लागले. अण्णा दारातून आत सरकला; त्याच्या मिशीखाली विजय दिसू लागला होता.

"म्हणजे तुमच्या घराचं म्हणणं असं, की मांडणी बरोबर आहे?" बाईंनी विचारलं.

"तेच म्हणणं आहे," अण्णा म्हणाला. "सांग त्यांना."

मेणबाईने भावाकडे बघितलं. "चित्र खरं आहे, अण्णा. पलंग उजवीकडेच होता."

अण्णाचं तोंड उघडं राहिलं ते मिटेना. "तू," तो म्हणाला, "तू माझी सख्खी बहीण आहेस ना?"

"सख्खी आहे म्हणून तोंडावर सांगते."

"मग प्रश्न मिटला," संचालकबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा नरम झाला. "चूक झाली होती. जुन्या नोंदवहीत स्पष्ट लिहिलंय, 'मांडणी झाडूवाल्याच्या सांगण्यावरून.' मी काही खोटं लिहिलेलं नाही. त्या वाक्यातलं नेमकं काय तुम्हाला खटकतंय?"

"बाई, तुम्ही जरा माझ्यासमोर येऊन उभ्या राहता?"

"कशाला?"

"या तर. छोटे, तू पण बघ. शाळेच्या पोरांना मी हे दाखवते. त्यांना लगेच कळतं, मोठ्यांना वेळ लागतो."

संचालकबाई आल्या. मेणबाई गालिच्यावर गुडघ्यांवरच होती. "उजवा हात वर करा. बरोबर. आता माझा उजवा बघा." तिने आपला हात वर केला. "तुमचा उजवा तिकडे, माझा उजवा इकडे. दोघींपैकी चुकलं कोण?"

"कुणीच नाही. आपण समोरासमोर आहोत."

"झालं. या खोलीला दारं दोन आहेत. तुम्ही उभ्या होता ते मोठं दार. आणि समोरच्या भिंतीत, खिडकीच्या बाजूला, रेशमाच्या मागे नोकरांचं दार. बाकीच्या दहा खोल्यांत दोन्ही दारं एकाच भिंतीला आहेत, म्हणून तिथे काही बिघडलं नाही. इथेच फक्त ती समोरासमोर आहेत. माझे आजोबा जन्मभर त्या दाराने आत आले. झाडूवाल्याने मोठ्या दारातून यायचं नाही, असा या किल्ल्याचा नियम होता. त्या दारातून बघितलं तर पलंग डाव्या हाताला होता. त्यांचं गाणं अक्षरशः खरं होतं. चुकलं ते ऐकणाऱ्यांचं. मोठ्या दारात उभं राहून ऐकलं."

छोटी दोन्ही भिंतींकडे आळीपाळीने बघत होती. अण्णा ओठांतल्या ओठांत गाणं म्हणत होता आणि स्वतःचे हात तपासत होता. तीस वर्षं ज्या दारात तो ऐटीत उभा राहिला, त्याच दारातून सगळं उलटं दिसत होतं, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"पण मग," संचालकबाई सावकाश म्हणाल्या, "गाणं त्यांनी स्वतःच म्हणून दाखवलं असेल, तर त्यांच्या लक्षात यायला हवं होतं. का दुसऱ्या कुणी म्हटलं?"

मेणबाईने गालिच्याची कड सारखी केली.

"मला पाटीवर खरं लिहायचं आहे. चूक कुणाची होती?"

"आमच्या घराची."

"घर गाणं म्हणत नाही. माणूस म्हणतो."

"घराची म्हटलं ना, बाई. तेवढं लिहा, नाहीतर हा गालिचा असाच राहील. हमालांना माझ्यासकट उचलायला सांगा. वजन पलंगापेक्षा कमी आहे, पण मी जास्त कटकट करीन."

एक हमाल हसला आणि लगेच खोकला. संचालकबाई हसल्या नाहीत. "मेणबाई, मी तुमच्यावर कारवाई करू शकते."

"करा. चाळीस वर्षं मी गुडघ्यांवरच आहे. आणखी खाली कुठे घालणार?"

तेवढ्यात भिंतीमागे काहीतरी खरवडलं.

*

आधी खरवडलं, मग ठक झालं, मग खिडकीशेजारचं निळं रेशीम उभ्या रेषेत फाकलं. संचालकबाई दचकून मागे सरल्या. "ते दार तर कायमचं बंद आहे. माझ्या नकाशावर तसंच लिहिलंय."

"बिजागऱ्यांना मी मेण लावते," मेणबाई म्हणाली. पण तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही, कारण दारातून आधी काठी आत आली, आणि काठीमागून आई.

एकोणचाळीस पायऱ्यांचा मागचा जिना चढून आली होती. श्वास लागला होता, पण केस नीट विंचरलेले आणि अंगावर घडीचं पातळ. मागे वहिनी, तोंडावर पदर दाबून.

"मी नाही सांगितलं," वहिनी म्हणाली, आणि सणसणीत उचकी दिली.

"ही काय सांगणार," आई म्हणाली. "मी विचारलं, सकाळपासून घरात सगळे मांजराच्या पावलांनी का फिरताय? ही म्हणाली काही नाही, आणि चार उचक्या दिल्या. मग मी अण्णाच्या खिशातला कागद वाचला. रात्रीच वाचला होता, खरं म्हणजे. बघत होते, तुमच्यापैकी मला कोण सांगतं."

ती दारातच थांबली आणि तिने खोलीवरून नजर फिरवली. काठी उजवीकडे उचलली. "पंचाहत्तर वर्षं. आजही उजव्या हाताला."

"आई, तू खाली बस आधी," अण्णा म्हणाला.

"कुठे बसू? इथल्या खुर्च्यांवर बसायचं नसतं, विसरलास? लहानपणी बसला होतास तेव्हा पाठ शेकली होती मी." ती संचालकबाईंकडे वळली. "तुम्ही विचारत होता ना, गाणं कुणी म्हटलं. मी म्हटलं. माझ्या वडिलांचा उल्लेख खोडा तिथला. त्यांनी एक अक्षर चुकवलं नाही."

"आई," मेणबाई म्हणाली.

"तू गप्प बस. बरीच वर्षं गप्प बसलीस, आणखी दोन मिनिटं काही अवघड नाही." आईने काठीवर दोन्ही हात ठेवले. "अकरा वर्षांची होते, बाई. वडील जाऊन महिना झाला होता. साहेबाने बोलावलं आणि मोठ्या दारात उभं केलं. त्या दारात मी त्याआधी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. एवढं उंच दार, बारा हमाल, सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत. छाती अशी फुगली होती की डोकं चालेना. म्हटलं, डाव्या हाताला पलंग. त्यांनी ठेवला. संध्याकाळी झाडू घेऊन या दाराने आत आले, आणि बघते तर पलंग उजव्या हाताला."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबापुढे जाऊन उभी राहिले. सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, 'मुली, काल फोटो काढून झाले. पलंग आता जिथे आहे, तिथेच होता.'"

संचालकबाईंनी हातातलं चित्र खाली केलं.

"मी म्हटलं, साहेब, जमिनीत खड्डे आहेत. तो म्हणाला, उद्या सुतार येतील, खड्ड्यांत लाकडाची ठिगळं ठोकून जमीन सारखी करतील. मग कुणी विचारणार नाही. त्या रात्री मी आईच्या चुलीवरून मेणाचा डबा आणला."

मेणबाईने मान वर केली.

"सुतार आले तेव्हा जमीन सपाट होती," आई म्हणाली. "वर धूळ चोळली होती. त्यांनी हात फिरवला आणि निघून गेले. लाकूड ठोकलं की खड्डा गेला, पोरी. कायमचा गेला. मेण भरलं तर तो तिथेच राहतो, नुसता झाकून. हवं तेव्हा काढता येतं. म्हणून तुला दर वर्षी भरायला सांगितलं. वाळलं, आक्रसलं, कड दिसली तर पुन्हा कुणाला तरी सुतार आठवला असता."

"मला वाटलं," मेणबाई म्हणाली, आणि तिने समोरचा डबा बाजूला सारला. "मला वाटलं, तू लपवतेयस."

"लपवतच होते. राखायचं असलं की लपवावं लागतं. तू विचारायचं होतंस."

"तूच म्हणालीस, विचारू नको."

"मग काय झालं? सातव्या कप्प्यात हात घालू नको असं पण गाण्यात आहे. तुमच्यापैकी कोण घातल्याशिवाय राहिलं?"

अण्णाने नजर दुसरीकडे वळवली. वहिनीची उचकी थांबली होती.

मेणबाई उठली. गुडघे दोन्ही करकरले. गालिचा तिने एका कडेने गुंडाळायला घेतला. छोटी न सांगता दुसऱ्या बाजूला बसली आणि तिच्या चालीने गुंडाळू लागली. जमीन गुळगुळीत, तुकतुकीत होती. कुणाला काही दिसलं नसतं. मेणबाईने कमरेची हाडाची पट्टी काढली, डोळे मिटले, बोटांनी जागा चाचपली आणि पट्टी खुपसली.

वरचं मेण पांढुरकं पिवळं होतं, ते गेल्या वर्षीचं. त्याखाली गडद, त्याहून खाली तांबूस. वर्षांवर वर्षं चकत्यांसारखी सुटून येत होती आणि खोलीभर मधाचा वास पसरत होता. चाळीस थर तिचे होते. त्याखालचे तिचे नव्हते; तिथे बोटांचे ठसे बारीक झाले, आणि अगदी तळाच्या थरावर एक अंगठा उमटलेला होता, लहान पोरीचा.

तो तिने आईपुढे धरला. आईने आपला अंगठा त्याच्याशेजारी लावून बघितला आणि म्हणाली, "केवढी होते ग मी."

खड्ड्याच्या तळाशी सिंहाची पाच नखं स्वच्छ दिसत होती.

संचालकबाई खाली वाकल्या. चष्मा लावला, काढला, परत लावला. मग म्हणाल्या, "मी ते वाक्य गाळते. सगळंच गाळते. नुसतं 'शयनखोली' लिहू."

"गाळायचं नाही," मेणबाई म्हणाली. ती आता उभी होती, आणि उभी असली की ती बाईंपेक्षा उंच होती, हे आजवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. "एकदा तुमच्या साहेबाने गाळलं. पुन्हा नाही. पाटी पितळेचीच लागेल. छोटे, कागद पालट आणि लिही."

छोटीने संचालकबाईंकडे बघितलं, मग आत्याकडे. मग बापाच्या हातातून कागद ओढून घेतला, आरशाच्या चौकटीला न टेकता, स्वतःच्या गुडघ्यावर धरला आणि पेन्सिल काढली.

आईने सांगितलं: "ही खोली झाडूवाल्याने गाण्यात जपली. सामान परत आलं तेव्हा त्याच्या अकरा वर्षांच्या मुलीने ती उलटी मांडली, कारण त्या दिवसापर्यंत दोघांना कुणी मोठ्या दारातून आत येऊ दिलं नव्हतं."

"आजी, हे संग्रहालयाच्या भाषेत जरा..." संचालकबाई म्हणाल्या.

"भाषा तुमची घाला. कारण माझं राहू द्या."

बाईंनी कागद मागितला. छोटीने तो दिला नाही, नुसता वाचता येईल असा समोर धरला. अण्णा हळूच येऊन मुलीच्या मागे उभा राहिला, छाती पुढे काढून, जशी त्याने दारावरही कधी काढली नसेल. संचालकबाईंनी दोनदा वाचलं. "'मोठ्या दारातून' नको," त्या म्हणाल्या. "'या किल्ल्याच्या नियमाप्रमाणे मोठ्या दारातून' असं लिहा. नियम आमचा होता." आणि खाली सही केली.

मग आरसा सरकला, आणि पलंग सरकवायला चौघांचे आठ हात कमी पडले म्हणून अण्णानेही खांदा लावला. मेणबाई जमिनीशी कान लावून सांगत होती, थोडं अलीकडे, बोटभर, अजून. चौथा पाय खड्ड्यात उतरला तेव्हा दार मिटावं तसा एक जाड, समाधानी आवाज झाला. पंचाहत्तर वर्षांत त्या पलंगाची थोडीशी कुरकुर सगळ्यांच्या कानाला सवयीची झाली होती. ती बंद झाली.

"बघू या कसं दिसतं," संचालकबाई म्हणाल्या आणि मोठ्या दाराकडे निघाल्या.

"तिकडून नाही," आई म्हणाली. ती केव्हाच निळ्या रेशमामागच्या दारात जाऊन उभी राहिली होती. तिच्याजवळ मेणबाई, वहिनी, छोटी; अण्णा कपाळ चौकटीवर आपटून घेऊन आत शिरत होता. अंधाऱ्या पायरीवर सगळं घर एकमेकांना खेटून उभं होतं, आणि तिथून डाव्या हाताला पलंग होता, उजव्या हाताला आरसा.

संचालकबाई दारापाशी आल्या आणि थबकल्या. चौकट त्यांच्या हनुवटीपर्यंत होती.

"वाकून या, बाई," आई म्हणाली. "दार आमच्या मापाचं आहे."